आभासी जीवाश्म

एखाद्या प्राण्याच्या वा वनस्पतीच्या अवशेषासारखी दिसणारी, परंतु जिच्या निर्मितीत त्या जीवाचा काहीही भाग नाही, अशी खडकातील आकृती. जीवाश्मांचा नवखा संग्राहक पहिल्या काही सहलींतून जे घरी आणतो, त्यांपैकी पुष्कळसे याच प्रकारात मोडते. भेगांतून झिरपणाऱ्या पाण्यातील मँगॅनीज व लोह यांची ऑक्साइडे साचून झालेल्या वृक्षाभ आकृती नेच्याच्या पानांसारख्या भासतात. एखाद्या केंद्राभोवती खनिजद्रव्य साचून बनलेले गोळे, म्हणजे संधिते, ही अंडी, फळे किंवा कवट्या वाटतात. ‘शैवाल अकीक’ या नावाच्या दगडातही शैवाल नसते. महाराष्ट्राचा बराचसा भाग व्यापणारा बेसाल्ट हा लाव्हा थिजून बनलेला असल्याने त्यात जीवाश्म मिळण्याची शक्यता जवळजवळ नसते. लाव्ह्याच्या दोन प्रवाहांमधील काळात तळ्यांत साचलेल्या अंतरा-ट्रॅपी थरांत मात्र ते मिळतात व नागपूरजवळच्या टाकळीचे असे थर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून प्रसिद्ध आहेत. घाटात सापडलेले ‘डायनोसॉराचे अंडे’ हा बहुधा कांद्यासारखे पापुद्रे सुटत जाऊन गोल झालेला बेसाल्टाचा धोंडा असतो.

अर्थात संधित म्हटले की जीवाश्म नव्हे, असेही नाही. गंडकी नदीत मिळणारा शाळिग्राम हे बहुधा अमोनाइट या निर्वंश सागरी प्राण्याच्या शंखाभोवती तयार झालेले संधितच असते आणि त्यातील चक्र म्हणजे त्या शंखाचे वेटोळे होय. तेव्हा केवळ बाह्य आकारावरून निर्णय देता येत नाही. हे आज उघड वाटले, तरी ते पटण्यास शास्त्रज्ञांना तीन शतकांहून अधिक काळ आणि अनेक ठेचा लागल्या.

‘फॉसिल’ हा शब्द ‘खणून काढलेले’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला आहे. आग्रिकोला (१५४६) व गेस्नर (१५६५) यांच्या ग्रंथांत रत्ने, धातुके, स्फटिक आणि शिंपले हे सर्व याच एका नावाखाली येतात. पृथ्वीच्या पोटात आकार घडविणारी एक शक्ती असून तीच दगडात शिंपल्यांच्या प्रतिकृती निर्माण करते, असे अनेक विद्वान मानीत. या मतानुसार खरे व आभासी असा भेदच उरत नाही, कारण सगळेच आभासी ठरतात.

हा भेद प्रथम तर्काने मांडण्याचे श्रेय मुख्यतः निकोलस स्टेनो या डॅनिश शारीरविज्ञाला जाते. १६६६ मध्ये इटलीतील लिव्होर्नोजवळ पकडलेल्या एका प्रचंड शार्क माशाचे डोके त्याने फ्लॉरेन्समध्ये विच्छेदिले, तेव्हा माल्टा बेटावर सापडणाऱ्या व ‘जिव्हाशिला’ म्हणून औषधात वापरल्या जाणाऱ्या दगडांशी त्या माशाच्या दातांचे साम्य त्याला दिसले. हे साम्य त्याच्यापूर्वीही काहींनी नोंदविले होते. स्टेनोचे वैशिष्ट्य पुढच्या पायरीत आहे. १६६९ च्या आपल्या ग्रंथात त्याने विचारले, की दोन घन पदार्थ एकमेकांना चिकटून असतील, तर त्यांपैकी आधी घट्ट कोण झाला? खडकावर शिंपल्याचा ठसा उमटला असेल, तर शिंपला आधीचा. उलट स्फटिक भेगेच्या आकाराशी जुळवून घेत असेल, तर खडक आधीचा. जीवाश्म खडकाहून जुना असतो, खडकात मागाहून वाढलेला नसतो, ही कसोटी आजही संग्राहकाच्या हाती असलेली पहिली कसोटी होय. साधारण त्याच सुमारास इंग्लंडमध्ये रॉबर्ट हुक याने शिळाभूत लाकूड सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्याची रचना साध्या लाकडाशी ताडली (१६६५). बाह्य आकाराऐवजी आतील रचना पाहावयाची, ही दुसरी कसोटी त्यातून मिळाली.

तरीही जर्मनीतील वुर्ट्‌सबर्ग येथील वैद्यकाचा प्राध्यापक बेरिंगर याने १७२६ मध्ये बेडूक, कोळ्यांची जाळी, धूमकेतू एवढेच नव्हे, तर हिब्रू अक्षरे असलेल्या दगडांवर सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. हे दगड त्याच्या सहकाऱ्यांनी कोरवून टेकडीवर पेरले होते. ही गोष्ट फसवणुकीचा नमुना म्हणून नेहमी सांगितली जाते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र ती फारशी उद्‌बोधक नाही, कारण तेथे निसर्गाने नव्हे, माणसाने फसविले. खरी कठीण प्रकरणे ती, की ज्यांत कोणीच लबाडी केलेली नाही.

त्यांपैकी सर्वांत गाजलेले म्हणजे ‘इओझून कॅनडेन्स’, अर्थात ‘कॅनडाचा उषःकालीन जीव’. कॅनडाच्या अतिप्राचीन चुनखडकांत कॅल्साइट व सर्पेंटाइन यांचे एकाआड एक पातळ पट्टे असलेले नमुने भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला मिळाले होते. माँट्रिऑल येथील विल्यम डॉसन यांनी १८६५ मध्ये ते एका अवाढव्य फोरॅमिनीफेराचे (सूक्ष्म कवचधारी जीवांच्या गटातील प्राण्याचे) अवशेष असल्याचे जाहीर केले. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना कप्पे व नलिकाही दिसल्या. कँब्रियन कालाच्या आधीच्या खडकांत जीवसृष्टीचा मागमूस नाही, ही डार्विन यांच्या सिद्धांतापुढील मोठी अडचण होती. १८६६ च्या आवृत्तीत त्यांनी या शोधाची आनंदाने दखल घेतली. गंमत अशी, की उत्क्रांतिवाद अमान्य असलेल्या डॉसन यांनाही हा जीव तितकाच सोयीचा वाटला, कारण जीवसृष्टीचा आरंभ त्या वादाला न जुळणाऱ्या पुढारलेल्या रूपात झाला, असा अर्थ त्यांनी काढला. दोन्ही पक्षांना हवे असलेले प्रमाण काटेकोरपणे तपासण्यास फारसे कोणी उत्सुक नसते. आयर्लंडमधील किंग व रौनी यांनी १८६६ पासून आक्षेप घेतले. मोबिअस यांनी १८७८ मध्ये त्या नलिका फोरॅमिनीफेराच्या नलिकांशी जुळत नाहीत, असे दाखविले. १८९४ मध्ये तर व्हीस्यूव्हिअस ज्वालामुखीच्या परिसरात, शिलारसाच्या उष्णतेने भाजून रूपांतरित झालेल्या चुनखडकांच्या तुकड्यांत हुबेहूब तीच रचना आढळली. जी रचना केवळ उष्णतेने व रासायनिक विक्रियेने तयार होऊ शकते, तिच्यासाठी जीव कल्पिण्याचे कारण उरत नाही. डॉसन यांनी मात्र १८९९ मध्ये मृत्यू येईपर्यंत आपले मत सोडले नाही.

या प्रकरणाने एक उलट दिशेची हानीही केली. त्याच सर्वेक्षणातील बिलिंग्ज यांनी १८७२ मध्ये न्यू फाउंडलंडमधील कँब्रियन-पूर्व खडकांतील ‘ॲस्पिडेला’ या चकतीसारख्या ठशांचे वर्णन केले. वायू बाहेर पडताना उमटलेल्या खुणा किंवा संधिते म्हणून ते दीर्घकाळ बाजूला सारले गेले. आज ते इडिॲकरन कालातील खरे जीवाश्म मानले जातात. एकदा पोळलेल्यांनी ताकही फुंकून प्यावे, तसा हा प्रकार झाला.

भारतातील याचे अलीकडचे उदाहरण मध्य प्रदेशातील भीमबेटकाचे आहे. वि. श्री. वाकणकर यांनी १९५७ मध्ये उजेडात आणलेली ही चित्रगुहांची जागा विंध्य संघातील वरच्या थरांच्या वालुकाश्मात आहे. तेथील एका मोठ्या गुहेच्या भिंतीवर उंचावर पानासारखी, मध्यरेषा व बरगड्यांसारखे पट्टे असलेली एक आकृती भूवैज्ञानिक रिटॅलॅक व त्यांच्या सहकाऱ्यांना २०२० मध्ये दिसली. २०२१ मध्ये ती ‘डिकिन्सोनिया’ या सु. ५५ कोटी वर्षांपूर्वीच्या सागरी प्राण्याचा ठसा म्हणून प्रसिद्ध झाली. या निर्णयावर बरेच अवलंबून होते. विंध्य संघाच्या वरच्या थरांचे वय ५५ कोटी वर्षे, की १०० कोटींच्या आसपास, हा भारतीय भूविज्ञानातील जुना वाद आहे. हा ठसा खरा ठरता, तर तो पहिल्या बाजूने निकाली निघाला असता आणि भारतीय द्वीपकल्पाच्या प्राचीन स्थानाविषयीच्या अनुमानांनाही त्याचा आधार मिळाला असता.

जोसेफ मीर्ट व त्यांचे सहकारी डिसेंबर २०२२ मध्ये तेथे गेले, तेव्हा ती आकृती छायाचित्रांत दिसते तशी राहिलेली नव्हती. ती खडकावरून सुटत चालली होती. पन्नास कोटी वर्षे टिकलेला ठसा दोन-तीन वर्षांत असा उकलत नाही. ती स्तरांच्या पृष्ठावर उमटलेली नसून खडकाच्या आजच्या पृष्ठभागाला चिकटलेली होती, म्हणजे खडक आधीचा व आकृती नंतरची. स्टेनोची कसोटी येथेही पुरी पडली. तिचे द्रव्य मेणासारखे होते व जवळपासच आग्या मोहोळाची ताजी पोळी लटकत होती. डिकिन्सोनिया म्हणून गाजलेली आकृती ही जुन्या, झडलेल्या मोहोळाची खूण होती. हा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. रिटॅलॅक यांनी तो मोकळेपणाने मान्य केला, ही गोष्ट डॉसन यांच्या तुलनेत आवर्जून नोंदविण्याजोगी आहे. वरच्या विंध्य थरांच्या वयाचा पुरावा त्यामुळे पुन्हा झिर्कॉन स्फटिकांतील युरेनियम-शिसे गुणोत्तर आणि खडकांतील पुराचुंबकत्व यांच्याकडे गेला असून तो १०० कोटी वर्षांच्या बाजूने झुकतो.