धान्याची रास आणि हाताचे माप

ग्वाल्हेरच्या लष्करातील दालबाजारात आज डाळींचा व्यवहार किलो आणि क्विंटल यांत होतो. तराजू निर्णय देतो. लांबी, रुंदी आणि उंची यांची तेथे कोणास आठवण होण्याचे कारण उरलेले नाही. परंतु खळ्यावरची मोठी रास तराजूत घालणे जेव्हा दुरापास्त होते, तेव्हा ती हाताने मोजून आतील धान्य सांगण्याची रीत आपल्या गणितशास्त्राने सिद्ध केली होती. त्या रीतीचा आधार असलेला 'हात' म्हणजे नेमके काय, या प्रश्नाचे एक प्राचीन उत्तर याच शहराच्या किल्ल्यावर कोरलेले आहे.

किल्ल्याच्या चढणीवर चतुर्भुजाचे एकाश्म मंदिर आहे. तेथील विक्रम संवत ९३३, म्हणजे इ. स. ८७६ चा शिलालेख शून्याच्या चिन्हासाठी जगभर प्रसिद्ध झाला. देवाच्या फुलबागेसाठी २७० हात लांब व १८७ हात रुंद जमीन दिल्याचे आणि रोज ५० माळा देण्याचे त्यात नमूद आहे. विद्वानांनी २७० व ५० मधील शून्य पाहिले. आमचे लक्ष मात्र हा हात 'पारमेश्वरीय', म्हणजे राजमान्य, असल्याच्या उल्लेखाकडे जाते. या जमिनीचे क्षेत्रफळ ५०,४९० चौरस हात भरते. पण हात कोणाचा हे ठरल्यावाचून त्या संख्येस अर्थ नाही. हात एक दशांशाने लांब धरला, तर त्याचा वर्ग सुमारे एक पंचमांशाने आणि घन सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. परिमाण वाढत जाते तसा मापातील लहानसा दोषही वाढत जातो.

जमिनीस दोन परिमाणे पुरतात; धान्यास तिसरे लागते. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या सुमारास रचलेल्या 'लीलावती'त एक हात लांब, एक हात रुंद आणि एक हात उंच अशा बारा कडांच्या आकृतीस घनहस्त म्हटले आहे. धान्य मोजताना तीच मगध देशाची खारी होय. सोळा द्रोणांची एक खारी. याच ग्रंथात राशीचे स्वतंत्र प्रकरण आहे. राशीचा घेर मोजावा. हरभऱ्यासारख्या जाड धान्याची उंची घेराच्या दहाव्या हिश्शाएवढी, मोहरीसारख्या बारीक धान्याची अकराव्या आणि साळीसारख्या कुसळाच्या धान्याची नवव्या हिश्शाएवढी धरावी. मग घेराच्या सहाव्या हिश्शाचा वर्ग करून त्यास उंचीने गुणावे. घेर ६० हात असेल तर जाड धान्याची उंची ६ हात होते, आणि १० च्या वर्गास ६ ने गुणून ६०० खारी उत्तर येते. भिंतीस टेकलेली अर्धी रास किंवा कोपऱ्यातील पाव रास यांचीही रीत तेथे दिली आहे.

आता हेच गणित सूक्ष्मतेने केले, तर शंकूच्या आकाराच्या या राशीत सुमारे ५७३ खारीच भरतात. फरक २७ खारींचा, म्हणजे शेकडा साडेचार. घेर व्यासाच्या तिप्पट धरल्यामुळे तो पडतो. हे अज्ञान म्हणावे काय? नव्हे, व्यास १२५० असता घेर ३९२७, हे सूक्ष्म प्रमाण भास्कराचार्यांनी त्याच ग्रंथात दिले आहे. राशीची उंचीच जेथे धान्याच्या जातीवरून अंदाजाने घ्यावयाची, तेथे गुणक अधिक सूक्ष्म करून लाभ थोडा, हा व्यवहारी विवेक त्यामागे असावा, असे आम्हांस वाटते.

तथापि विवेकाचेही मोल कोणास तरी द्यावे लागते. या रीतीने रास मोजून माल घेणारा ६०० खारींची किंमत देऊन ५७३ घेईल. आणि राशीवरून वाटा ठरत असेल, तर नसलेल्या २७ खारींचाही वाटा कुणब्याच्या माथी बसेल. गणिताचा स्थूलपणा निरुपद्रवी असतो तो उभय पक्षांस ठाऊक असेल तोवरच. राजमान्य हात दगडावर कोरून ठेवण्याची गरज याच जाणिवेतून उद्भवली असावी. १९५६ च्या कायद्याने देशभर दशमान मापे आली, तेव्हा शेर आणि मण यांच्या जागी किलो बसला. तथापि माप देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे एकच असावे, ही मागणी हजार वर्षांपूर्वीचीच आहे.