विजयदुर्गचा तळ : १८६८ की १८९८?

दीपनगरहून कोकणात तंबू टाकून राहायला गेलात, तर विजयदुर्गावरचे ‘साहेबाचे ओटे’ बघाच. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात लॉकियरने इथूनच हेलियमचा शोध लावला, असं सांगतात. गोष्ट भारी आहे. पण तारखा जुळवून बघा.

त्या वर्षी लॉकियर इंग्लंडमध्येच होता. सूर्याच्या वर्णपटातली ती पिवळी रेषा त्याने ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, तिथूनच टिपली. विजयदुर्गावर त्याचा तळ पडला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तोवर, १८९५ मध्ये, रॅम्सेला हेलियम पृथ्वीवरही सापडला होता.

म्हणजे तळ खरा, शोधही खरा. त्यांची जोडणी चुकली. संदर्भ तपासताना पहिला प्रश्न हाच विचारा : त्या दिवशी तो माणूस होता कुठे?