'फास्ट' शब्दाची जात कोणती?

विद्यार्थी मित्रांनो, इंग्रजीच्या पेपरात 'शब्दाची जात ओळखा' हा प्रश्न दिसला की तुमच्यापैकी पुष्कळांना धडकी भरते. आठही जाती तोंडपाठ असतात, पण गाडी 'फास्ट'सारख्या शब्दापाशी अडते. 'अ फास्ट ट्रेन' यात तो विशेषण, 'रन फास्ट' यात क्रियाविशेषण, 'वी फास्ट इन रमजान' म्हटले की क्रियापद, आणि 'द फास्ट ऑफ रमजान' म्हणताच नाम!

हा घोळ इतिहासाने घातला आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'फॅस्त' म्हणजे घट्ट, 'फॅस्ते' म्हणजे घट्टपणे आणि 'फॅस्तन' म्हणजे उपवास करणे. शब्दाचा शेवट ऐकला की जात कळे. (वेगाचा अर्थ मागाहून चिकटला. रोजा म्हणजे नेम घट्ट धरणे, हे मूळ अर्थाशी किती जुळते पाहा!) हे प्रत्यय आधीपासूनच झिजत होते, १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतरच्या तीन-चार शतकांत ते बहुतेक गळून पडले. मग जात ओळखायची ती शेजारच्या शब्दांवरून.

आठांची यादीही मूळची इंग्रजांची नव्हे, ग्रीकांची. लॅटिनमध्ये 'द'सारखे उपपद नव्हते, म्हणून रोमन पंडितांनी ते वगळून उद्गारवाचक शब्द घेतले, पण आकडा आठच ठेवला! दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण छापले, तेही इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर.

पालकहो, आपणांस इंग्रजी येत नाही म्हणून मुलाच्या वहीपासून दूर सरू नका. आठव्या शतकात बसरा येथे नावारूपास आलेले इराणी विद्वान सीबवैह यांनी आपल्या 'अल्-किताब'च्या आरंभीच शब्दांचे तीनच भाग केले : इस्म, फेल, हर्फ. ज्यांनी मदरशात थोडीफार अरबी केली आहे त्यांना हे ठाऊक असते. तेथे 'कतब' म्हणजे त्याने लिहिले, 'कातिब' म्हणजे लिहिणारा. साचा पाहूनच पुष्कळसे कळते. इंग्रजीत तो साचा मोडला आहे, एवढाच फरक. मुलाला फक्त विचारा, "हा शब्द येथे नाव सांगतो, काम सांगतो, की दुसऱ्या शब्दाबद्दल काही सांगतो?" 'अ स्टोन वॉल' यात 'स्टोन' दगडाचे नाव खरे, पण येथे ते भिंत कसली हे सांगते. मुलगा 'नाम' म्हणाला तर लगेच चूक म्हणू नका. 'विशेषणाचे काम करणारे नाम' असेच ते आहे.