आधी कादंबरी आली, मग बँड

‘कोमिनाज’. बँडचं नाव आहे हे, आणि ते आपल्या ओळखीच्या ‘कमीना’वरूनच आलंय. अमेरिकेत बॉस्टनच्या आसपास वाढलेल्या, पाकिस्तानी घरांतल्या पोरांनी २००५ च्या सुमारास हा पंक बँड काढला. पंक म्हणजे दोन-चार कॉर्ड, जोरात आरडाओरडा आणि कुणालाच न जुमानणं. त्यात ही मुसलमान पोरं कुठून आली?

गंमत अशी, की ती एका कादंबरीतून आली.

मायकल मुहम्मद नाइट हा गोरा अमेरिकन. कॅथलिक घरातला, पण सोळा-सतराव्या वर्षी मुसलमान झाला. शिकायला थेट इस्लामाबादच्या फैसल मशिदीत गेला. पुढे त्या कडक चौकटीत त्याचा जीव गुदमरला. मग त्याने ‘द तकवाकोअर्स’ लिहिली. तकवा म्हणजे अल्लाहची जाण ठेवून जगणं, त्याला जोडलं हार्डकोअर पंक. आधी झेरॉक्स काढून स्वतःच वाटली, २००४ मध्ये प्रकाशक मिळाला. कादंबरीत बफेलो शहरातलं एक घर आहे. ज्या खोलीत पार्ट्या होतात तिथेच जुम्याची नमाज. बुरख्यावर बँडचे बिल्ले शिवलेली एक मुलगी आहे, आणि पुरुषांसमोर खुतबा देते ती!

कादंबरीतले हे बँड खरे नव्हते. सगळं कल्पनेतलं. पण वाचणाऱ्या पोरांना वाटलं, अरे, हे तर आपणच! ९/११ नंतर बाहेर जग संशयाने बघतंय, घरात नि मशिदीत वडीलधारे डोळे वटारतायत. दोन्हीकडून कोंडी. मग बँड निघाले. शिकागोत ‘अल-थावरा’, कॅनडात मुलींचा ‘सीक्रेट ट्रायल फाइव्ह’. हे दुसरं नाव कॅनडा सरकारने गुप्त पुराव्यांवर डांबलेल्या पाच मुसलमानांवरून घेतलेलं.

२००७ मध्ये हे सगळे एका हिरव्या रंगवलेल्या स्कूलबसमधून दौऱ्यावर निघाले. शिकागोजवळ मुसलमानांच्या एका मोठ्या संघटनेचं अधिवेशन भरलं होतं, तिथल्या खुल्या मंचावर चढले. बाईने मंचावर गायचं नाही असा नियम. ‘सीक्रेट ट्रायल फाइव्ह’च्या गायिकेने माइक धरला, समोर बसलेल्या हिजाबवाल्या मुलींनी जल्लोष केला, आणि आयोजकांनी पोलीस बोलावून सगळ्यांना बाहेर काढलं. अमेरिकेच्या संशयावर गाणी करणाऱ्यांना पोलिसांच्या हवाली कुणी केलं, तर आपल्याच माणसांनी.

पुढे माहितीपट आला, २०१० मध्ये सिनेमाही आला. आणि मग आमची जमात पोचली. प्रत्येक पत्रकाराचा प्रश्न ठरलेला: मुसलमान असून पंक कसे? गाण्यांबद्दल फारसं कुणी विचारेना. बँडवाले त्या ‘तकवाकोअर’ शब्दालाच कंटाळले, अंग झटकू लागले. मी हसणार होतो, पण दर ईदला मीही इदगाहवर जाऊन गळाभेटीचा तोच फोटो काढतो, तरण्या पोरांना तोच प्रश्न विचारतो. ती काय ऐकतात, काय वाचतात, हे वीस वर्षांत एकदाही विचारलेलं नाही.

‘कोमिनाज’ वाजवत राहिले. २०१५ च्या त्यांच्या अल्बमचं नाव आहे ‘स्टिरिओटाइप’.