नॅसकारची २०२२ची गाडी आणि मोडलेली सवय

अमेरिकेतील नॅसकार शर्यतींत मुरलेल्या चालकाचे कसब वळणावर दिसे. गाडीचा मागचा भाग किंचित बाहेर सरकू द्यायचा आणि तशा तिरक्या अवस्थेतच तिला सांभाळून न्यायचे. जुनी गाडी त्याला साथ देई. तिची बॉडी मुद्दाम असमान घडवलेली असे. गाडी तिरकी झाली की बाजूने येणारा हवेचा दाबच तिला सावरून धरी.

२०२२च्या हंगामात 'नेक्स्ट जेन' गाडी आली. ठरलेल्या पुरवठादारांचे तेच भाग वापरणे सर्व संघांना बंधनकारक झाले. बॉडी आता दोन्ही बाजूंनी सारखी होती. मागच्या अखंड आसाची जागा प्रत्येक चाकाच्या स्वतंत्र सस्पेन्शनने घेतली, आणि चाके १५ऐवजी १८ इंचांची झाल्याने टायरची भिंत आखूड झाली. जुना टायर सुटण्यापूर्वी इशारा देई. नवा अचानक सुटे. आरंभीच्या सरावांतच नामवंत चालक गिरक्या खाऊ लागले. पहिली डेटोना ५०० मात्र नवख्या ऑस्टिन सिंड्रिकने जिंकली. त्यावरून फार अनुमान काढू नये; त्या शर्यतीत दैवाचा वाटा नेहमीच मोठा असतो.

खरी किंमत वेगळीच होती. गाडीचा मागचा सांगाडा अतिशय ताठ होता. जुलै २०२२मध्ये पोकोनो येथे पात्रता फेरीत २००४चा विजेता कर्ट बुश याची गाडी घसरून मागच्या बाजूने भिंतीवर आदळली. मेंदूला बसलेल्या धक्क्याने त्याची पूर्णवेळ कारकीर्द संपली. २०२३साठी नॅसकारने तो सांगाडा बदलून अधिक दबणारा केला.