धंद्यासाठी आलेला पाहुणा

अमेरिकेस जाण्याचा अर्ज भरावयास बसले म्हणजे त्यात एक रकाना येतो, सध्याच्या मालकाच्या नावाचा. नाशिकचा एखादा तरुण घराच्या माडीवर बसून शिकागोच्या कंपनीचे संगणकाचे काम करतो. तो तिचा नोकर नव्हे. कामापुरता करार, काम झाले की बिल, आणि बिलाचे डॉलर येथल्या बँकेत. अशा तरुणाला त्या कंपनीने आठवडाभर बोलणी करण्यासाठी बोलावले, की तो या रकान्यापाशी अडतो. मालक तर कोणीच नाही! मग हा मनुष्य व्यापारी म्हणावयाचा की मजूर? प्रश्न त्याला नवा वाटेल; पण तो जुना आहे, आणि त्याची हकीकत आज आम्हांस श्रोत्यांपुढे ठेवावयाची आहे.

१८८५ साली अमेरिकेने एक कायदा केला. परदेशातील माणसाशी आधी करार करून त्याला कामासाठी आणणे त्या कायद्याने गुन्हा ठरले. कारण उघड होते. गिरण्यांचे आणि खाणींचे मालक स्वस्त मजूर करारावर आणीत आणि देशी मजुरांची मजुरी पाडीत. पण कायद्याचे शब्द फार रुंद होते. न्यूयॉर्कच्या एका चर्चने इंग्लंडहून धर्मोपदेशक बोलावला, तर चर्चवरच खटला झाला! १८९२ साली सर्वोच्च न्यायालयाने चर्चला सोडविले. कायद्याचा रोख अंगमेहनतीच्या मजुरांवर होता, धर्मोपदेशकावर नव्हे, असे न्यायालय म्हणाले. हाताने राबणारा आणि डोक्याने काम करणारा यांच्यात तेव्हा ओढलेली रेघ पुढे फार दूरवर गेलेली दिसते.

पासपोर्ट आणि व्हिसा यांचे आजचे रूप पहिल्या महायुद्धाने दिले. युद्ध संपले तरी पहारा उठला नाही. १९२० साली राष्ट्रसंघाने पॅरिसला परिषद भरवून पासपोर्टाच्या पुस्तिकेचा नमुना ठरविला, आणि त्याच साली इंग्रज सरकारने हिंदुस्थानात येणाऱ्यांसाठी पासपोर्टाचा कायदा केला. तो आपल्याकडे रद्द व्हावयास २०२५ साल उजाडले, एवढे जाता जाता सांगतो.

आपल्या विषयाचा खरा उगम १९२४ सालच्या अमेरिकन कायद्यात आहे. या कायद्याने परदेशीयांच्या संख्येला कडक मर्यादा घातली, आणि मर्यादेबाहेर काही मंडळींना मोकळीक ठेवली. त्यांत ‘तात्पुरता धंद्यासाठी किंवा मौजेसाठी आलेला’ पाहुणा होता. आता धंदा म्हणजे काय?

या एका शब्दावर नायगराच्या काठी भांडण उभे राहिले. तेथे नदीच्या एका तीरावर कॅनडा, दुसऱ्या तीरावर अमेरिका. कॅनडाच्या बाजूस राहावयाचे आणि सकाळी पूल ओलांडून पलीकडे कामावर जावयाचे, हा अनेकांचा रोजचा क्रम होता. १९२७ साली हुकूम निघाला, की असे रोज ये-जा करणारे ‘धंद्यासाठी’ येणारे नव्हेत. त्यांनी वसाहतीसाठी येणाऱ्यांचे नियम पाळावेत. त्या वर्षाच्या अखेरीस सूत कातणारी एक बाई काम शोधावयास आणि एक इटालियन माणूस आपल्या कामावर परतावयास पुलावर आले, आणि दोघांनाही परत पाठविण्यात आले. प्रकरण वरच्या कोर्टापर्यंत गेले. त्यांच्या बाजूने १७९४ सालच्या इंग्लंड-अमेरिका तहाचा आधार दाखविण्यात आला, कारण त्या तहात दोन्ही तीरांच्या लोकांना मोकळ्या ये-जेची हमी होती. खालच्या न्यायालयाने तो मानला. पण १९२९ च्या एप्रिलात सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरविला. १८१२ च्या युद्धाने तहातील ते कलम संपले, आणि कायद्याचा हेतू देशी मजुराचे रक्षण हा असल्याने ‘धंदा’ या शब्दात मजुरीने काम करणे बसत नाही, असा निर्णय झाला.

माल विकावयास येणाऱ्याला दार उघडे, श्रम विकावयास येणाऱ्याला बंद! आम्हांस यात न्यायापेक्षा सोय अधिक दिसते. तथापि निर्णय झाला तो झाला. १९५२ च्या कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब केले, आणि कुशल वा अकुशल मजुरीसाठी येणाऱ्याला या वर्गातून स्पष्ट शब्दांत वगळले. व्यवहारात ज्याला ‘बी-१’ व्हिसा म्हणतात तो हाच. त्याच कायद्यात आणखी एक गोम आहे: अर्जदार कायमचा राहावयास येत आहे असेच अधिकाऱ्याने गृहीत धरावयाचे, आणि तसे नाही हे अर्जदाराने पटवून द्यावयाचे.

मग एक शिंपी आला. हाँगकाँगच्या एका कपडेवाल्याचा हा माणूस अमेरिकेत गिऱ्हाइकांची मापे घेई आणि ऑर्डरी व पैसे हाँगकाँगला पाठवी. कपडे तिकडे शिवले जात. सरकारी खाते म्हणाले, हे कारागिरीचे काम आहे. अपील मंडळाने ते मानले नाही. मापे घेणे हा परदेशी व्यापाराचा एक भाग आहे, धंद्याचे ठाणे हाँगकाँगला आहे, नफाही तेथेच जमतो. तेव्हा हा धंद्यासाठी आलेला पाहुणाच, असा निवाडा झाला आणि १९६६ साली अ‍ॅटर्नी जनरलने तो कायम केला.

आमच्या नाशिककर तरुणाला या शिंप्याइतका दुसरा गुरू नाही. माप तेथे घ्यावे, शिवणकाम घरी करावे! गिऱ्हाइकाशी सल्लामसलत, नव्या कराराची बोलणी, परिषदेस हजेरी, हे सारे बी-१ मध्ये बसते. कंपनीच्या कचेरीत खुर्ची घेऊन तिचे काम करू लागणे मात्र बसत नाही. म्हणून निमंत्रणाच्या पत्रात कोणत्या दिवशी कोणाशी कशाविषयी बोलणे आहे हे असावे. काम भारतातूनच पुरे होणार, आणि भेटीच्या दिवसांची मजुरी मिळणार नाही, हेही स्पष्ट असावे. सोबत करार, बिले आणि प्राप्तिकराची विवरणपत्रे ठेवावी. मालकाच्या रकान्यात स्वतःचाच व्यवसाय लिहावा. गिऱ्हाइकाला मालक म्हणून दाखविणे म्हणजे आपल्या हाताने मजुरांच्या रांगेत जाऊन उभे राहणे होय. आणि खोटे तर मुळीच लिहू नये. खोट्या निवेदनाने त्या देशाचे दार जन्मभराचे बंद होऊ शकते. २०१३ साली बंगळूरच्या एका मोठ्या कंपनीने याच व्हिसाच्या गैरवापराच्या प्रकरणात, आरोप अमान्य करीतच, ३ कोटी ४० लाख डॉलर भरून तडजोड केली.

पण शिंप्याची कात्री हाँगकाँगला राहिली होती. या तरुणाची कात्री त्याच्या पिशवीतच असते. दिवसा माप घेतले आणि रात्री हॉटेलात संगणक उघडून पुण्याच्या दुसऱ्या गिऱ्हाइकाचे काम केले, तर ती अमेरिकेतील मजुरी म्हणावयाची काय? १९२९ च्या न्यायाधीशांपुढे हा प्रश्न नव्हता. काही देशांनी आता त्याचे सरळ उत्तर दिले आहे. एस्टोनियाने २०२० साली अशा लोकांसाठी वेगळा व्हिसाच काढला. ब्रिटनने ३१ जानेवारी २०२४ पासून पाहुण्याला दूरचे काम करण्याची मुभा दिली, मात्र तो भेटीचा मुख्य हेतू नसावा. न्यूझीलंडने जानेवारी २०२५ मध्ये तशीच वाट मोकळी केली.

अमेरिकेस जाणाऱ्याने एवढे ध्यानी ठेवावे, की व्हिसा हाती पडला तरी विमानतळावर दुसरा अधिकारी तेच प्रश्न पुन्हा विचारतो, आणि आत घ्यावयाचे की नाही व किती दिवस, हे तो ठरवितो. निमंत्रणाचे पत्र सामानाच्या पेटीत टाकू नये, हातातल्या पिशवीत ठेवावे.