आमटीचा पिवळा जाळ आणि मातीतलं जस्त

आमटी उतू गेली की गॅसची निळी ज्योत क्षणभर पिवळी होते. तो रंग मिठातल्या सोडियमचा. प्रत्येक धातू तापला की स्वतःचाच रंग दाखवतो. आज या रंगांची गोष्ट.

जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये रॉबर्ट बुन्सेन ज्योतीच्या रंगावरून पदार्थ ओळखत. पण जरासं मीठ असलं तरी त्याचा पिवळा रंग बाकीचे रंग झाकून टाकी. त्यांचे सहकारी किर्खहोफ यांनी सुचवलं, हा उजेड काचेच्या लोलकातून पाहू. लोलकातून प्रत्येक धातूच्या रेषा वेगळ्या दिसल्या. १८६० मध्ये ड्युर्कहाइमच्या झऱ्याच्या पाण्यात त्यांना अनोळखी निळ्या रेषा दिसल्या. तेच सीझियम. त्याचे जेमतेम काही ग्रॅम क्षार मिळवायला सुमारे ४४,००० लिटर पाणी आटवावं लागलं. म्हणजे दहा हजार लिटरचे चार टँकर भरूनही उरेल इतकं!

पण साध्या ज्योतीची धग बऱ्याच धातूंना पुरत नाही. १९६४ मध्ये इंग्लंडमध्ये ग्रीनफिल्ड आणि १९६५ मध्ये अमेरिकेत वेंड्ट व फासेल यांनी त्यावर उपाय मांडला. तांब्याच्या वेटोळ्यातून रेडिओ लहरी सोडून आरगॉन वायू इतका तापवायचा, की त्याचा प्लाझ्मा होतो. तापमान सहा ते दहा हजार अंश! आमचा आवाज तुमच्यापर्यंत आणणाऱ्या लहरींच्याच जातीच्या या लहरी. नमुन्याचं द्रावण बारीक फवाऱ्यासारखं त्यात सोडतात. कोणत्या रेषा उमटल्या यावरून धातू कळतो आणि त्या किती तेजस्वी आहेत यावरून त्याचं प्रमाण.

आपल्या शेतीला याचा उपयोग आहे. एक किलो मातीत पिकाला मिळण्याजोगं जस्त साधारण ०.६ मिलिग्रॅमपेक्षा कमी असलं, तर जमिनीत जस्त कमी आहे असं मानतात. एवढंसं प्रमाणही हे यंत्र मोजतं. पण आपण जे दिलं तेच ते मोजणार. मातीचा नमुना गंजक्या फावड्याने काढून जस्ताच्या बादलीत ठेवला, तर फावड्याचं लोखंड आणि बादलीचं जस्तही आकड्यात येईल. कागदावर जमीन चांगली दिसेल आणि पीक पिवळंच राहील.

म्हणून सूक्ष्म अन्नद्रव्यं तपासायची असतील, तर माती लाकडी काठीने काढूया आणि प्लॅस्टिकच्या स्वच्छ घमेल्यात मिसळूया. खताचा खर्च त्या आकड्यावर ठरतो आणि आकडा आपल्या हातावर.